हाडाला पू धरतो तेव्हा

मुलं पडायचीच. गुडघे फुटतात, कोपरं खरचटतात, पाय मुरगळतात. आपण आंबेहळद नि रक्त्याबोळ उगाळतो, गरम लेप घालतो, रात्री झोपताना पाय जरा उंच ठेवतो आणि दोन दिवसांत पोरगं पुन्हा मैदानावर पळतं. मुकामाराला एवढं पुरतं. आपल्या आया-आज्या हेच करत आल्या आणि त्यात काही चुकीचंही नाही.

पण एखाद्या वेळी तसं होत नाही. दोन दिवसांनी दुखणं उतरण्याऐवजी चढतं. ताप येतो. मूल पाय टेकायला तयार होत नाही, हात लावू देत नाही. घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, शीर चढली असेल. कुणी म्हणतं, तेल लावून जरा चोळा. कुणी गावाकडच्या हाडवैद्याचं नाव काढतं. ताप आहे म्हणून आधीच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या डब्यातून निघतात. अशा रीतीनं चार-पाच दिवस जातात आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात. कारण हा मुकामार नसून हाडाच्या आत पू होत असण्याची शक्यता असते.

आपल्या जुन्या भाषेत याला ‘हाड्याव्रण’ असा शब्द आहे. डॉक्टर ‘ऑस्टिओमायलायटिस’ म्हणतात. नाव अवघड असलं, तरी दुखणं समजायला अवघड नाही. आणि ते घरातल्या बाईनं समजून घेणं फार गरजेचं आहे. एक तर पहिली शंका तिलाच येते. आणि पुढे उपचार महिनोन् महिने चालले, की त्याचा भार तिच्याच अंगावर पडतो.

हाडात जंतू शिरतात कसे?

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड, अशी आपली एक समजूत असते. खरं तर ते जिवंत असतं. त्यात रक्त खेळतं, आत मगज असतो, जुनं झिजतं आणि नवं बनत राहतं. वाढत्या वयात हाडाच्या टोकांशी, विशेषतः गुडघ्याच्या वर आणि खाली, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तिथं रक्त संथपणे वाहतं. अंगावरचं एखादं केस्तूड, खाजवून चिघळलेला डास चावल्याचा फोड किंवा पायाची जखम यांतून जंतू रक्तात शिरले, तर या संथ जागी ते मुक्काम ठोकू शकतात. थोडासा मार त्याला निमित्त होतो.

हे जंतू बहुधा ‘स्टॅफिलोकॉकस’ जातीचे असतात. ते काही कुठून दूरवरून येत नाहीत. दर तीन-चार माणसांतल्या एकाच्या नाकात ते एरवीही सुखानं नांदत असतात. म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. असं दुखणं निघालं, की घरात पहिला शब्द आईला ऐकावा लागतो, ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ मैत्रिणींनो, स्वच्छ, सुखवस्तू, टापटीप घरांतल्या मुलांनाही हे होतं. यात आईचा काही गुन्हा नसतो.

आता आत काय घडतं ते पाहा. कातडीवर गळू झालं, तर कातडी ताणते, फुगते, शेवटी फुटते आणि पू बाहेर पडतो. हाड मात्र फुगू शकत नाही. शिटी बंद पडलेल्या कुकरसारखा आत दाब वाढत जातो. त्या दाबानं रक्तवाहिन्या चेपल्या जातात, रक्त मिळेनासं होतं आणि हाडाचा तेवढा तुकडा मरतो. म्हणून तर इतका ठणका लागतो. सुरुवातीलाच औषध मिळालं, तर हे सारं थांबतं. उशीर झाला, की मेलेलं हाड आत राहतं आणि मग खरी डोकेदुखी सुरू होते.

ओळखायचं कसं?

मोठं मूल असेल, तर ते दुखण्याची जागा बोटानं दाखवतं. सांध्याजवळ, पण हाडावर, एका ठरावीक जागी दाबलं की ते किंचाळतं. ताप असतो, मूल लंगडतं किंवा उभंच राहत नाही. जागा गरम लागते, सुजते. कधी जांघेत अवधाण येतं.

तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं असतं. त्याला सांगता येत नाही. कधी तापही येत नाही. बाळ एक हात किंवा पाय हलवेनासं होतं, लुळं पडल्यासारखा ठेवतं आणि लंगोट बदलताना तो पाय हलला की कळवळून रडतं. दूध ओढत नाही. असं दिसलं, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. खुब्याच्या सांध्यात पू झाला असेल, तर काही दिवसांत सांध्याची कायमची खराबी होऊ शकते. हाडाच्या वाढीची जागाही टोकाशीच असते. तिला इजा झाली, तर एक पाय पुढे आखूड राहतो.

इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पहिल्या आठ-दहा दिवसांत साधा एक्स-रे बहुधा निर्मळ येतो. हाडातला बदल त्यात दिसायला दहा ते चौदा दिवस लागतात. ‘फोटोत काही नाही, मग चिंता नाही’ असं समजून पुष्कळ घरं गाफील राहतात. शंका असेल, तर डॉक्टर रक्ताच्या तपासण्या करतात आणि गरज पडल्यास एम. आर. आय. काढतात. त्यात लवकर समजतं.

या काळात तीन गोष्टी कटाक्षानं टाळा. ताप असताना दुखऱ्या हाडाला चोळू नका, मसाज नको. डाग देणं, काड्या लावून करकचून बांधणं नको. आणि उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या देऊ नका. कोणता जंतू आहे, हे शोधायला डॉक्टर आधी रक्त किंवा पू तपासायला पाठवतात. अर्धवट गोळ्या पोटात गेल्या असतील, तर जंतू सापडत नाही. मारा मात्र अंधारात करावा लागतो.

वेळेवर ओळखलं, तर बातमी चांगली आहे. मुलांना काही दिवस शिरेतून औषध देतात, ताप आणि दुखणं उतरलं की तोंडानं. साध्या प्रकारात असे एकूण तीन-चार आठवडे पुरतात. पू साठला असेल, तर छोटी शस्त्रक्रिया करून तो काढतात. बहुतेक मुलं पुन्हा पूर्ववत खेळू लागतात.

मोठ्यांच्या बाबतीत

मोठ्या माणसांत वाट निराळी असते. स्कूटरचा अपघात झाला, हाड मोडून कातडीबाहेर आलं, रस्त्याची माती आत गेली, तर जंतूंना आयतं दार मिळतं. कधी हाड जोडायला घातलेल्या पट्टीवर किंवा सळईवर जंतू बसतात. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांतून पाणी येत राहिलं, तर ‘येतं थोडं’ म्हणून घरी पट्ट्या बदलत बसू नये. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना लगेच दाखवावं.

तिसरी वाट मधुमेहाची. पायाची संवेदना कमी झालेली असते. चप्पल चावते, भेगा पडतात, कुरूप कापताना जखम होते आणि दुखत नाही म्हणून तिकडे कुणी पाहत नाही. ती जखम खोल जात जात हाडाला भिडते. मधुमेह असलेल्या माणसाचे तळवे रोज रात्री पाहावेत. आणि हे केवळ सासूबाईंच्या किंवा ह्यांच्या पायांबद्दल नाही हं. घरात सगळ्यांचे पाय पाहणारी बाई स्वतःच्या टाचेची जखम दोन-दोन महिने लपवते, कारण दवाखान्यात जायचं तर स्वयंपाक कोण करणार? पुढे चालताच आलं नाही, तर तो प्रश्न उरतोच, शिवाय बाईचा पायही जातो.

चौथी वाट क्षयाची. क्षय फक्त फुप्फुसांचा नसतो. मणक्यांना, खुब्याला, गुडघ्यालाही होतो. त्यात सूज येते, पण ती फारशी गरम लागत नाही. बारीक ताप, वजन उतरणं, पाठीचं न हटणारं दुखणं असं हळूहळू चालतं. एके काळी मणक्याच्या क्षयाला मोठमोठ्या शस्त्रक्रिया करत. बनारसचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली आपल्या ‘मध्यम मार्गा’चे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधं सर्वांना, शस्त्रक्रिया मात्र ज्यांना औषधानं उतार पडत नाही किंवा मज्जारज्जूवर दाब आहे त्यांनाच, हे त्याचं सूत्र. आज क्षयाची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. हाडाच्या क्षयाला ती वर्षभर किंवा त्याहूनही जास्त घ्यावी लागतात.

जखम पुन्हा पुन्हा का उघडते?

जुन्या दुखण्यात कातडीला एक बारीक भोक पडतं. त्यातून थोडा पू वाहतो. औषध घेतलं की ते मिटतं, घरात पेढे वाटले जातात. आणि दोन-चार महिन्यांनी, कधी दोन-चार वर्षांनी, तिथंच पुन्हा ठणका, पुन्हा पू. कधी त्यातून हाडाचा कणही बाहेर पडतो. ‘डॉक्टरांच्या औषधात दम नाही’ असं म्हणून मग माणसं दवाखाने बदलत राहतात.

कारण समजून घ्या. औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या हाडात रक्त जात नाही. मग तिथं औषध जाणार कसं? दुसरं असं, की जंतू मेलेल्या हाडावर किंवा धातूवर एक चिकट थर करून आत राहतात. पाण्याचा हंडा बरेच दिवस घासला नाही, तर आतून बुळबुळीत लागतो ना? तसाच. त्या हंड्यात कितीही पाणी ओता, नुसत्या विसळण्यानं तो थर जात नाही. तो चिंच, राख, काथ्या घेऊन घासावाच लागतो. हाडाचंही तसंच आहे. गोळ्या म्हणजे विसळणं. मेलेलं हाड आणि तो थर काढणं म्हणजे घासणं, आणि ते काम शस्त्रक्रियेचं.

म्हणून जुन्या दुखण्यात उपचाराला दोन अंगं असतात. आधी जंतूंचा निकाल लावायचा आणि मग गमावलेलं हाड भरून काढायचं. एक केलं आणि दुसरं सोडलं, तर उपयोग नाही. जंतू राहिले, तर नवं हाड धरत नाही. पोकळी तशीच राहिली, तर तिच्यात पुन्हा पू साठतो आणि पोखरलेलं हाड मोडायची भीतीही असते.

अळ्यांपासून मण्यांपर्यंत

या लढाईचा इतिहास मोठा गमतीचा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विल्यम बेअर या अमेरिकन डॉक्टरांकडे दोन जखमी सैनिक आले. मांडीचं हाड मोडून उघडं पडलेलं, सात दिवस रणांगणात बेवारस पडलेले. जखमांत अळ्या वळवळत होत्या. पण त्यांना ताप नव्हता! अळ्या काढून पाहिलं, तर खाली स्वच्छ गुलाबी मांस. मेलेलं तेवढं अळ्यांनी खाल्लं होतं. पुढे बाल्टिमोरला बेअर यांनी हाडात पू झालेल्या मुलांवर अळ्यांचा उपचार केला. प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या काही देशांत जखमांसाठी आजही वापरतात. (घरच्या जखमेत अळी पडली, तर मात्र तो उपचार नव्हे, ताबडतोब दवाखाना गाठावा.)

पोकळी भरायचा प्रयत्न तर त्याहून जुना. जर्मनीत ड्रेसमन यांनी १८९२ साली हाडातल्या पोकळ्या चक्क प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं भरल्या होत्या. त्याच जातीचा पदार्थ, अर्थात शुद्ध करून, आज पुन्हा वापरात आहे.

मधल्या काळात पेनिसिलिन आलं, इतर प्रतिजैविकं आली. मात्र औषध रक्तातून मेलेल्या जागी पोचत नाही, ही अडचण राहिलीच. मग जर्मन शल्यविशारदांना कल्पना सुचली, की औषध थेट हाडात ठेवलं तर? १९७० च्या दशकात त्यांनी हाडाच्या सिमेंटमध्ये ‘जेंटामायसिन’ कालवून त्याचे मणी केले आणि तारेत ओवले. मोहनमाळेसारखी ही माळ साफ केलेल्या पोकळीत ठेवायची. तिच्यातून औषध झिरपत राहतं. रक्तातून देता आलं नसतं इतकं जास्त औषध नेमक्या जागी मिळतं आणि मूत्रपिंडांना फारसा त्रासही होत नाही. एक खोट होती. काही आठवड्यांनी माळ काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे.

आता विरघळणारे मणी निघाले आहेत. ते प्लॅस्टरच्याच घराण्यातल्या कॅल्शियम सल्फेटचे असतात. औषध सोडत सोडत ते काही आठवड्यांत विरून जातात. त्या काळात जखमेतून पांढरट पाणी येऊ शकतं. ते पाहून घाबरू नये, पण डॉक्टरांना जरूर सांगावं. कारण पू कोणता आणि विरघळलेले मणी कोणते, हे त्यांनीच ठरवायचं.

आणखी एक नवल म्हणजे काच. अमेरिकेतले लॅरी हेंच १९६७ साली बसनं एका परिषदेला निघाले होते. शेजारी व्हिएतनाम युद्धातून परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. शरीर झिडकारणार नाही असा एखादा पदार्थ तुम्ही का शोधत नाही, असं त्यानं विचारलं. त्यातून १९६९ साली हाडाशी एकजीव होणारी काच तयार झाली. फिनलंडमध्ये विकसित झालेली तशीच एक काच आता हाडातल्या पोकळीत भरतात. ती भोवतालचा रस क्षारयुक्त करते, त्यात जंतूंना जगणं कठीण जातं. आणि हळूहळू तिच्या आधारानं हाडही भरत येतं. हे पदार्थ महाग असतात आणि सर्वांनाच लागतात असं नाही. आधीची साफसफाई नीट झाली नसेल, तर कोणतेही मणी भरून उपयोग होत नाही.

हाड पुन्हा उगवतं

पण बोटभर हाडच काढून टाकावं लागलं तर? ते कुठून आणायचं?

याचं उत्तर सैबेरियातल्या कुरगान गावच्या डॉ. गाव्रील इलिझारोव्ह यांनी शोधलं. १९५० च्या सुमारास त्यांनी धातूच्या कड्यांचं एक साधन बनवलं. पायाभोवती कडी आणि त्यांतून हाडात आरपार गेलेल्या, सायकलच्या तारांसारख्या बारीक तारा. हाड एका जागी कापायचं आणि नट फिरवत दोन टोकं अगदी सावकाश दूर न्यायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं! वेग ठरलेला, दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नव्हे; पाव-पाव मिलिमीटर असा चार वेळा. घाई केली तर हाड धरत नाही. फार हळू केलं तर आधीच सांधून बसतं.

वलेरी ब्रुमेल हा रशियाचा उंच उडीचा खेळाडू. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यानं सुवर्णपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुरा झाला. कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या, पाय काही जुळेना. १९६८ साली तो कुरगानला इलिझारोव्ह यांच्याकडे गेला आणि पायावर उभा राहिला. पुढे त्यानं पुन्हा उडीही मारली. १९८० नंतर ही पद्धत पश्चिम युरोपात आणि तिथून जगभर गेली. आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांतच नव्हे, तर काही जिल्ह्यांच्या गावीही हे काम करणारे डॉक्टर आहेत.

दुसरी युक्ती फ्रान्सच्या डॉ. अलँ मास्केले यांची, १९८६ सालची. हाड काढलेल्या जागी आधी सिमेंटचा गोळा ठेवायचा. सहा-आठ आठवड्यांत शरीर त्याभोवती एक पातळ पडदा तयार करतं. मग पडदा तसाच ठेवून गोळा काढायचा आणि त्या पिशवीत रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. पडद्यातल्या रक्तवाहिन्या त्याला पोसतात आणि हाड तयार होतं.

घरात काय करायचं?

कडी लावून माणूस घरी आलं, की पहिले आठ दिवस घरातल्यांना त्या पायाकडे बघवत नाही. मग सवय होते. पाच सेंटिमीटर हाड वाढवायचं, तर नुसते नट फिरवायलाच पन्नास दिवस लागतात आणि नवं हाड टणक व्हायला त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे कडी सहा-आठ महिने किंवा जास्तही राहू शकतात. तेव्हा तयारी त्या हिशेबानं करा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर नट फिरवल्याच्या चार खुणा रोज करा. तारांची स्वच्छता डॉक्टरांनी सांगितली त्याच पद्धतीनं आणि तितक्याच वेळा करा. आधी हात साबणानं धुवा, प्रत्येक तारेला कापसाचा वेगळा बोळा घ्या. हळद, तूप, घरगुती मलम काही लावू नका. एखाद्या तारेभोवती लाली, पू, वाढतं दुखणं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. पायजम्याची एक बाजू उसवून तिला वेल्क्रो किंवा नाड्या लावल्या, की कपड्यांचा प्रश्न सुटतो. पाऊल, गुडघा आणि बोटं सांगितल्याप्रमाणे हलवून घ्या. नाहीतर हाड जुळतं आणि सांधा आखडून बसतो.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते. मोठ्या माणसांत औषध बहुधा सहा आठवडे चालतं, कधी जास्त. तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलं की गोळ्या बंद करायचा मोह होतो. तो टाळा. राहिलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. ‘सुया नसतील तर औषध कसलं?’ असंही पुष्कळांना वाटतं. ब्रिटनमध्ये १०५४ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधाच्या तोडीस तोड ठरल्या. तेव्हा डॉक्टरांनी सुई थांबवून गोळी दिली, तर मनात किंतु नको.

सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही गोळ्या दुधाबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळीबरोबर घेतल्या, तर अंगी लागत नाहीत. कोणती गोळी कशाबरोबर घ्यायची ते विचारून लिहून ठेवा. रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते. तो औषधाचा रंग असतो, घाबरू नका. मात्र हे औषध तुम्ही स्वतः घेत असाल, तर कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. दुसरं साधन वापरावं लागतं. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही संकोच न करता सांगा. काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

आता आहार. नुसत्या पायाच्या सुपावर विसंबू नका. हाडं उकळली तरी कॅल्शियम त्यात थोडंच उतरतं. जखम भरायला आणि हाड घडायला प्रथिनं लागतात. मोड आलेली मटकी, डाळ, दूध-दही, अंडी, चालत असेल तर मासे. नाचणीची भाकरी, तीळ आणि थोडं ऊन. मधुमेह असेल, तर साखर ताब्यात ठेवणं हाच अर्धा उपचार आहे.

आणि तंबाखू. विडी, सिगारेट, गुटखा यांनी रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. हे आपण पुरुषांना सांगतो; पण सकाळी दात घासायच्या निमित्तानं लावलेली मिश्री हीसुद्धा तंबाखूच. हाड जुळेपर्यंत तरी ती सोडा. पुन्हा नाही धरली तर उत्तमच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*हे दुखणं घरात दुसऱ्यांना लागतं का?* हाडातला पू शेजारी झोपल्यानं लागत नाही. ड्रेसिंगनंतर हात धुवा, काढलेल्या पट्ट्या पिशवीत बंद करून टाका, टॉवेल वेगळा ठेवा. क्षय असेल, तर छातीची तपासणी करून घ्या.

*आतली सळई लगेच काढावी लागते का?* नेहमी नाही. हाड अजून जुळलेलं नसेल आणि सळई घट्ट असेल, तर कधी जंतू औषधांनी दाबून ठेवतात, हाड जुळू देतात आणि मग ती काढतात. सळई सैल झाली असेल, तर आधी काढून दुसऱ्या तऱ्हेनं आधार देतात.

*पाय कापावा लागेल का?* बहुतेकांना नाही. पण जीव धोक्यात असेल किंवा पायाला रक्तच मिळत नसेल, तर तोही निर्णय घ्यावा लागतो. उशीर जितका जास्त, तितकी ही वेळ येण्याची शक्यता वाढते.

*पुन्हा उलटणार नाही ना?* उलटू शकतं, वर्षांनीसुद्धा. म्हणून जुने एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद, कोणता जंतू निघाला आणि कोणतं औषध लागू पडलं याचा रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरला त्या कागदांचा फार उपयोग होतो.

*खर्चाचं काय?* उपचार लांबतो, म्हणून सुरुवातीलाच विचारा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ नेमलेले असतात. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, कोणते कागद लागतील, हे ते सांगतात. पैसे संपले म्हणून मध्येच उपचार सोडण्यापेक्षा ही चौकशी आधी केलेली बरी.

शेवटी, ही चार वाक्यं कात्रण करून औषधांच्या कपाटात चिकटवून ठेवा:

१. ताप आणि हात-पाय हलवायला नकार, ही दोन्ही एकत्र दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर. तान्ह्या बाळात तापाची वाटही पाहू नये.

२. चोळणं नाही, डाग नाही, उरलेल्या गोळ्या नाहीत.

३. एक्स-रे निर्मळ आला तरी ताप आणि ठणका आहे तोवर पुन्हा दाखवा.

४. जखम मिटली म्हणून औषध थांबवू नका. डॉक्टरांनी सांगितल्यावरच थांबवा.